पक्ष्याचा गुडघा उलटा नाही: पाय जमिनीकडून नव्हे, खुब्याकडून मोजा

प्रश्न थोडक्यात असा: बगळा, फ्लेमिंगो, कोंबडी यांचा गुडघा आपल्या उलट, मागे टोक करून का वाकतो? घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा आपल्यासारखा आणि मागच्याचा उलटा, हे एकाच प्राण्यात कसं? आणि हत्तीला चार गुडघे असतात हे खरं का?

तिन्ही प्रश्नांत घोळ एकाच जागी आहे. आपला गुडघा पायाच्या मधोमध येतो, म्हणून कुठल्याही पायाच्या मधोमध दिसणाऱ्या सांध्याला आपण गुडघा म्हणून मोकळे होतो. पक्ष्याच्या पायात मधोमध दिसतो तो घोटा. घोड्याच्या मागच्या पायातही घोटाच. आणि पुढच्या पायात ज्याला सगळे गुडघा म्हणतात ते त्याचं मनगट. खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातडीत किंवा पिसांत दडलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे टोक करून वाकतो.

सांध्याचं नाव त्याच्या उंचीवरून ठरत नाही, हाडांच्या क्रमावरून ठरतं. चार पायांच्या सगळ्या वंशात, म्हणजे बेडूक, सरडे, पक्षी, सस्तन प्राणी, सगळ्यांत तो क्रम एकच: धडाजवळ एक हाड, मग दोन हाडं शेजारीशेजारी, मग बारीक हाडांचा गठ्ठा, मग तळव्याची लांब हाडं, मग बोटं. मागच्या पायात एक आणि दोन यांच्यामधला सांधा तो गुडघा, आणि बारीक हाडांचा गठ्ठा तो घोटा. पुढच्या पायात त्याच जागी कोपर आणि मनगट. कॅनडाच्या उत्तर टोकाला सापडलेला आणि २००६ मध्ये वर्णन झालेला टिक्टालिक हा सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा मासा. त्याच्या परातसुद्धा एक हाड, मग दोन हाडं, मग बारीक हाडं हा क्रम दिसतो. त्यामुळे मोजणी नेहमी वरून, खुब्याकडून किंवा खांद्याकडून करायची. जमिनीकडून मोजायला लागलात की पहिल्याच पायरीवर फसता, कारण कोणता प्राणी पायाचा किती भाग टेकवून चालतो हे बदलतं. आपण टाच टेकतो, कुत्रा बोटं टेकतो, घोडा फक्त नखाचं टोक.

हे हातात घेऊन बघायला कोंबडीच्या पायाइतकं सोपं साधन नाही. पाय पंज्यासकट अख्खा हवा. सगळ्यात वरचं मांसल हाड म्हणजे मांडी. ती जिवंत पक्ष्यात जवळजवळ आडवी असते, म्हणून बाहेरून दिसतच नाही. तिच्या खालच्या टोकाशी गुडघा. तिथे समोर बोट फिरवलं की छोटी वाटी लागते, कोवळ्या पक्ष्यात ती अजून मऊ असते. त्याखालचं ज्याला तंगडी म्हणतात ते नडगीचं हाड. त्याच्या बाहेरच्या अंगाला सुईसारखं एक बारीक हाड चिकटलेलं दिसेल, जे खाली जाता जाता अणकुचीदार होऊन मध्येच संपतं. हे ‘दोन हाडां’पैकी दुसरं. कोंबडीच्या भ्रूणात सुरुवातीला ही दोन्ही हाडं सारख्याच लांबीची असतात, नंतर दुसरं मागे पडतं. चिली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये भ्रूणातला एक वाढ-संकेत दाबून ते हाड पार घोट्यापर्यंत पोचवून दाखवलं, जसं ते पक्ष्यांच्या डायनोसॉर पूर्वजांत होतं.

तंगडीच्या खाली जिथे मांस संपून खवले सुरू होतात तो घोटा. आता प्रश्न येतो: बारीक हाडांचा गठ्ठा कुठे गेला? इथेच बहुतेकांची मोजणी चुकते. पक्ष्यात त्या गठ्ठ्याची फाळणी झालेली असते. वरची ओळ नडगीच्या खालच्या टोकाला जुळते, खालची ओळ तळव्याच्या हाडांना जुळते आणि सांधा त्या दोन ओळींच्या मधून जातो. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात जोड दिसत नाही. म्हणून कोवळा पक्षी घ्या. पाणी खळखळ न उकळता मंद आचेवर ठेवा. मांस सुटायला लागलं की नडगीच्या खालच्या टोकावरून आणि त्याखालच्या हाडाच्या वरच्या टोकावरून टोप्या निखळतात. त्या टोप्या म्हणजेच हरवलेला घोटा. खवल्यांच्या भागातलं हाड तर एक नव्हेच. ती तळव्याची तीन हाडं जुळलेली आहेत. खालच्या टोकाला तीन गोल चाकं शेजारीशेजारी दिसतात, प्रत्येक चाकावर एक बोट.

थोडक्यात, पक्षी चवड्यावर उभा असतो आणि त्याचा तळवा त्या लांब, खवलेदार, काडीसारख्या पायात ताणलेला असतो. बगळ्याची ‘लांब नडगी’ हा खरं तर लांब तळवा आहे.

शिजवण्याआधी एक प्रयोग जरूर करा. पंजा घोट्यातून कापलेला असला की कापल्या तोंडाशी पांढऱ्या दोऱ्या दिसतात, काही पुढच्या बाजूला, काही मागे. पकडीने मागच्या दोऱ्या ओढल्या की बोटं मिटतात, पुढच्या ओढल्या की उघडतात. पंज्यात मांस जवळजवळ नाहीच. मिटवणारे स्नायू वर तंगडीत आहेत आणि खाली फक्त दोऱ्या उतरल्या आहेत. हाडं साफ करायची असतील तर दोन गोष्टी टाळा. जोरदार उकळी आली की चरबी हाडात मुरते आणि ती कायमची पिवळी राहतात. आणि क्लोरीनचं ब्लीच हाडालाच खातं, पृष्ठभाग भुसभुशीत होतो. त्याऐवजी साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एखादा दिवस ठेवा. प्रत्येक बोट वेगळ्या फडक्यात बांधून शिजवा, नाहीतर बोटांच्या हाडांचे चौदा मणी एकत्र होतात आणि कोण कुणाचा ते कळत नाही.

ते चौदा मणी महत्त्वाचे आहेत. पक्ष्याच्या पायात पहिल्या बोटात २, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ५ हाडं असतात, नखाचं धरून. म्हणजे बोट कुठल्या दिशेला वळलंय याला फसायचं कारण नाही, मणी मोजायचे. पोपट आणि सुतारपक्षी यांची दोन बोटं मागे असतात; मागच्या दोनपैकी एकात २ हाडं आणि दुसऱ्यात ५ मिळतात, म्हणजे चौथं बोट मागे फिरलंय. शहामृगाला दोनच बोटं, आणि त्यांत हाडं ४ आणि ५. म्हणजे उरली ती तिसरी आणि चौथी. पाकोळीच्या कुळात मात्र हा हिशेब बिघडतो, त्यांच्या पुढच्या तिन्ही बोटांत तीनतीनच हाडं राहिली आहेत.

आता घोडा. मागच्या पायात मागे टोक काढलेला जो ठळक कोन दिसतो, त्या टोकाला जाड कंडरा येऊन मिळालेली असते. ती कंडरा आपल्या पोटरीपासून टाचेकडे उतरते तीच, आणि ते टोक म्हणजे टाच. सस्तन प्राण्यात घोटा ओळखायची ही सगळ्यात खात्रीची खूण: मागे टोक आणि त्यावर जाड दोरी, म्हणजे टाच, म्हणजे घोटा. कुत्रा, मांजर, गाय, हरीण, सगळ्यांना लागू. गुडघा शोधायचा तर टाचेवरून वर आणि पुढे जा. बरगड्या संपून मांडी सुरू होते तिथे, पोटाच्या कडेला कातडीची घडी असते, तिच्यालगत वाटी हाताला लागते.

पुढच्या पायात खांद्याचं हाड छातीच्या कडेला नुसतं स्नायूंत टांगलेलं असतं; घोड्याला गळपट्टीचं हाड नाही. दंडाचं हाड आखूड आणि मांसात बुडालेलं, कोपर छातीच्या तळाशी, टोक मागे. त्याखालचा सरळ भाग म्हणजे हात, त्याखाली मनगट, त्याखाली मधल्या बोटाचं तळहातातलं लांबलचक हाड. त्याच्या दोन्ही कडांना दुसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या तळहाताच्या हाडांच्या उरलेल्या काड्या चिकटलेल्या असतात. पुढे मधल्या बोटाची तीन पेरं, शेवटचं खुराच्या आत. खूर म्हणजे नख. त्या नखाच्या आतल्या भिंतीला सुमारे ६०० उभ्या पडद्या असतात, त्या आतल्या हाडाच्या आवरणावरच्या तशाच पडद्यांत गुंतलेल्या, आणि घोड्याचं वजन हाडावरून नखाच्या भिंतीवर याच गुंतवणीतून जातं. त्यांना सूज येऊन पकड सुटली की आतलं हाड खाली कलतं, आणि घोडा लंगडण्याचं ते फार वाईट कारण ठरतं.

पटत नसेल तर जमिनीवर हातपाय टेकून ओणवे व्हा, तळहात आणि टाचा उचला, फक्त बोटांच्या टोकांवर भार घ्या. कोपर मागे, गुडघे पुढे, मनगट पुढे, टाच मागे. हाच घोडा.

मनगट खालचा भाग मागे घेऊन वाकतं, गुडघाही तसाच. म्हणून घोड्याच्या मनगटाला गुडघा हे नाव पडलं असणार, आणि घोडेवाल्यांच्या तोंडी ते चालू द्यायला हरकत नाही. चित्रकार आणि मूर्तिकार मात्र त्या नावाने फसतात: मागच्या पायातली टाच गुडघा समजून काढली की वरचा खरा गुडघा गायब होतो आणि पायात एक सांधा कमी पडतो. असा घोडा बघताना काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण तो धावेलसा वाटत नाही.

मागच्या पायात गुडघा आणि घोटा एकमेकांना बांधलेले असतात, हे बाहेरून कळत नाही. नडगीच्या पुढून एक दोरी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून घोट्याच्या पुढे उतरते, मागून दुसरी त्याच मांडीच्या हाडापासून टाचेकडे. दोन्हींत ताणले जाणारे तंतू फार, आखडणारे स्नायू नावाला. परिणामी गुडघा वाकला की घोटा वाकतो, गुडघा ताठ झाला की घोटाही ताठ. त्यावर कडी म्हणजे गुडघ्याची वाटी. तिचा एक बंध मांडीच्या हाडाच्या आतल्या कंगोऱ्यावर अडकवला की गुडघा कुलूपबंद होतो, बांधणीमुळे घोटाही. मग जवळजवळ काही शक्ती न लावता घोडा उभ्याने डुलकी घेतो. बिघाड याच योजनेतून निघतो. वाटी अडकली आणि सुटली नाही तर पाय मागे ताठ राहतो आणि खुराचं टोक जमिनीवर घासत जातं. पुढची दोरी तुटली तर उलट: गुडघा वाकलेला असताना घोटा सरळ करता येतो, टाचेवरची कंडरा ढिली पडून सुरकुतते. धडधाकट घोड्यात ही गोष्ट अशक्य, म्हणून निदानाला तेवढं पुरतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? पाय पुढे-मागे झुलवायला लागणारा जोर वजनावर जितका अवलंबून असतो त्यापेक्षा जास्त ते वजन खुब्यापासून किती दूर आहे यावर असतो. अंतर पाचपट केलं की झुलण्याला होणारा विरोध पंचवीसपट. २०० ग्रॅम मांस खुब्यापासून २० सेंटिमीटरवर ठेवलं तर जे ओझं होतं, तेच १०० सेंटिमीटरवर ठेवलं की पंचवीसपट. म्हणून धावणाऱ्या प्राण्यांत मांस वर सरकतं, खाली हाड आणि दोऱ्या उरतात, मांडी आखूड होते आणि तळवा लांबतो. घोड्याच्या मनगटाखाली काम करणारं मांस जवळजवळ नाही. तिथला खुरावरच्या सांध्याला तोलून धरणारा जाड पट्टा हाही एके काळचा स्नायूच, आता बहुतांशी तंतूंचा झालेला, जो ताणून परत उसळतो.

पक्ष्याची मांडी आडवी का, याचं कारण धावणं नव्हे, शेपूट. त्यांच्या डायनोसॉर पूर्वजांना लांब, जड शेपूट होती आणि शेपटीपासून मांडीच्या हाडाला येणारा दणकट स्नायू मांडी मागे खेचायचा. मगरीत तो आजही आहे. पक्ष्यांत शेपूट आखडली, छातीवर उड्डाणाचे स्नायू वाढले, शरीराचा तोल पुढे सरकला. पाय खुब्यातून सरळ खाली सोडला असता तर पक्षी तोंडावर पडला असता. मांडी आडवी पुढे नेली की गुडघा तोलाच्या बिंदूखाली येतो आणि चाल मुख्यतः गुडघ्यातून होते. हे तपासायला चिलीतल्याच एका गटाने कोंबडीच्या पिल्लांना लहानपणापासून कृत्रिम वजनदार शेपूट लावून वाढवलं, २०१४ मध्ये निष्कर्ष छापले: मांडी जास्त उभी झाली आणि चालताना ती जास्त हलू लागली. विनोदी वाटणारा प्रयोग, पण मला वाटतं या विषयात इतकं सरळ उत्तर देणारे प्रयोग थोडेच आहेत. फ्लेमिंगोच्या बाबतीत २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. मेलेला फ्लेमिंगो एका पायावर, सांधे योग्य कोनात बसवून, स्नायूंच्या मदतीशिवाय स्थिर राहतो. दोन पायांच्या ठेवणीत राहत नाही. म्हणजे एका पायावर उभं राहणं त्याला कष्टाचं नसून सोयीचं आहे.

मग कोपर मागे आणि गुडघा पुढे, ही विभागणी आली कुठून? भ्रूणात. हात आणि पाय सुरुवातीला वल्ह्यांसारखे कडेला फुटतात, अंगठे डोक्याच्या बाजूला, तळवे पोटाकडे. नंतर हाताची वळण बाहेरच्या अंगाला सुमारे ९० अंश, पायाची आतल्या अंगाला तेवढीच. माणसात हे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात घडतं, आणि पायावरच्या कातडीतल्या संवेदनांचे पट्टे पिळलेले असतात ते या वळणामुळे. हाताच्या वळणात एक अडचण उरते: कोपर मागे गेलं की तळहात पालथा पडत नाही. तो जमिनीवर पालथा टेकायचा तर हाताच्या दोन हाडांपैकी एकाला दुसऱ्यावरून आडवं जावं लागतं. तळहात उताणा-पालथा करत दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर चाचपून बघा, हाड सरकताना लागेल. घोड्यात ती दोन हाडं पालथ्या स्थितीतच जुळून गेली आहेत. एकावर सगळा भार, दुसऱ्याचा मुख्यतः कोपराचा भाग उरलाय. घोड्याला तळहात उताणा करता येत नाही तो यामुळे.

काही फसव्या जागा. गुडघ्याच्या वाटीवर सर्वस्वी विसंबू नका. शहामृगाच्या एकेका गुडघ्याला दोन वाट्या असतात, तर कांगारूसारख्या बहुतेक पिशवीवाल्या प्राण्यांत हाडाची वाटी बनतच नाही. बेडकाच्या मागच्या पायात एक भाग जास्त दिसतो: मांडी, नडगी, मग अजून एक लांब तुकडा, मग तळवा. तो जास्तीचा तुकडा म्हणजे घोट्यातली दोन हाडं ताणून लांब झालेली. क्रम मोडलेला नाही. बोटं मोजताना पांडाचं ‘सहावं बोट’ आणि हत्तीच्या पायातला टेकू ही बोटं धरायची नाहीत. पांडात ते मनगटाजवळचं वाढलेलं हाड आहे. हत्तीत बोटांच्या मागच्या चरबीच्या गादीत तशीच एक दांडी असते, जी २०११ मध्ये नीट समजली. आणि पक्ष्याच्या पंखातली तीन बोटं कोणती, यावर मणी मोजून भांडण मिटत नाही. जीवाश्म सांगतात पहिलं-दुसरं-तिसरं, भ्रूणातल्या जागा सांगतात दुसरं-तिसरं-चौथं. वाग्नर आणि गॉथिए या जीवशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं की जागा दोन-तीन-चारच्या, पण त्यांना मिळालेली ओळख एक-दोन-तीनची. मला हे पटतं, वाद मात्र पूर्ण संपलेला नाही.

हत्तीला गुडघे दोनच, मागच्या पायात. पुढच्या पायात खाली वाकतं ते मनगट. गंमत अशी की हत्तीचा मागचा गुडघा घोड्यासारखा पोटात दडलेला नाही; मांडीचं हाड लांब, तळवा अगदी आखूड, म्हणून गुडघा बराच खाली आणि उघड दिसतो. तो बसताना मागचे गुडघे टेकून नडग्या मागे पसरतो, अगदी आपल्यासारख्या. घोड्याला किंवा गाईला असं बसता येत नाही.

आणि ज्याचा गुडघा खरोखर उलटा आहे असा प्राणी हवा असेल तर वटवाघूळ. त्याचा मागचा पाय खुब्यातूनच असा फिरलेला असतो की गुडघा मागे-बाहेर आणि तळपाय पोटाच्या बाजूला. उताणा ठेवलेला सांगाडा बघून पहिल्यांदा वाटतं, पाय चुकून उलटे जोडलेत. तसे नाहीत. भिंतीला पोट टेकून उलटं लटकताना नखं भिंतीकडे वळलेली हवीत, आणि ती तशी वळतात. बोटांच्या दोऱ्यांना खालून गाठी आणि त्यांच्या आवरणाला खाचा असतात. वटवाघळाच्या स्वतःच्या वजनाने दोरी ताणली की गाठ खाचेत बसते. झोपेत पकड सुटत नाही, आणि बऱ्याचदा मेल्यावरही नाही.